केपटाऊनच्या किल्ल्यातल्या कबरी

सप्टेंबर २०१९. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन शहरात, डचांनी बांधलेल्या जुन्या किल्ल्यात एक कलाप्रदर्शन भरलं. तिथे फुलं वाहायला पुतळा नव्हता. होत्या त्या शंभराहून अधिक निनावी कबरी. वर्णभेदी राजवटीत कोठडीत जीव गमावलेल्यांची ही आठवण. निमित्त होतं इमाम अब्दुल्ला हारून यांच्या शहादतीच्या ५० वर्षांचं. हे काम केलं हारून गन-साली या तरुण कलावंताने. त्याचे आईवडील वर्णभेदाविरुद्ध लढले. १९९० मध्ये आईला अटक झाली, तेव्हा हे तान्हं मूलही तिच्यासोबत कैदेत होतं.

इमामसाहेब केपटाऊनमधल्या स्टेगमन रोड मशिदीचे इमाम. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत त्यांचं येणं-जाणं होतं. राजकीय कैद्यांच्या घरी ते गुपचूप मदत पोहोचवत, त्यात धर्म पाहत नसत. २८ मे १९६९ रोजी त्यांना पकडलं. १२३ दिवसांनी, २७ सप्टेंबरला, कोठडीतच त्यांचा इंतकाल झाला. पोलीस म्हणाले, जिन्यावरून पडले. अंगावर मात्र वीसहून अधिक जखमा होत्या, बरगडी मोडलेली होती. जनाज्याला हजारो लोक चालत गेले.

आता मुद्दा असा, की सन्मान करणं सोपं असतं. तसबीर लावली, भाषण झालं, संपलं. या कबरी मात्र विचारत होत्या, यांना मारलं कोणी? घरच्यांचाही तोच सवाल होता आणि तो त्यांनी सोडला नाही. इमामसाहेबांच्या पत्नी गलीमा यांनी २९ सप्टेंबर २०१९ रोजी डोळे मिटले. पतीच्या दफनाला त्याच दिवशी ५० वर्षं झाली होती. निकाल त्यांना पाहता आला नाही. मृत्यूची चौकशी २०२२ मध्ये पुन्हा उघडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने जिन्याची गोष्ट फेटाळली आणि पोलिसांच्या छळानेच मृत्यू झाला, असं सांगितलं. तोवर छळ करणारे जगात उरले नव्हते.

उशिरा मिळालेला हा इन्साफ अपुराच. पण सरकारी दप्तरातलं खोटं पुसलं गेलं, हेही थोडं नाही.

केपटाऊनच्या मुस्लिम समाजात आपल्या रत्नागिरीकडून गेलेली कोकणी कुटुंबंही आहेत. इमामसाहेबांचं नाव आपल्या मुलांनाही माहीत असावं, असं आम्हाला वाटतं. नुसतं शहीद म्हणून नको. शेजाऱ्याच्या हक्कासाठी जीव देणारा माणूस आणि ५४ वर्षं हिशोब मागणारं त्याचं घर, असं दोन्ही सांगावं.