लंडनचं स्थळ आणि २९ हजार पौंडांची अट : सातबारा चालत नाही, पगाराची स्लिप लागते

सिंधुदुर्गात आणि पलीकडे गोव्यात ‘चेडवाक लंडनचा स्थळ इला’ ही बातमी वाडीत पसरायला वेळ लागत नाही. मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडन नाहीतर साउथॉलला असतो. घर ओळखीतलं, माणसं चांगली. साखरपुडा होतो, हॉल ठरतो, लग्न पार पडतं. मुलगा दोन-तीन आठवड्यांची रजा संपवून परत जातो आणि मुलीच्या व्हिसाची तयारी सुरू होते.

मग मुलीचे वडील एक फाइल तयार करतात. तहसील कार्यालयातून काढलेला उत्पन्नाचा दाखला, काजूच्या बागेचा सातबारा, पतसंस्थेतल्या ठेवीच्या पावत्या, घरपट्टीची पावती. आपल्याकडे शाळेच्या फीमाफीपासून बँकेच्या कर्जापर्यंत याच कागदांवर कामं होतात. पण ब्रिटनच्या पती-पत्नी व्हिसासाठी यातला एकही कागद उत्पन्नाचा पुरावा म्हणून चालत नाही. घर खातं-पितं आहे का, हे तिथे कोणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या जोडीदाराचा पगार किती आणि तो कागदावर दिसतो का, एवढंच बघितलं जातं.

अट काय आहे?

पत्नीला किंवा पतीला ब्रिटनला बोलावणाऱ्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न, कर कापण्याआधी, किमान २९,००० पौंड असलं पाहिजे. महिन्याला हिशेब केला तर साधारण २,४१७ पौंड. एक पौंड ११५ रुपये धरला तर वर्षाला ३३ लाख ३५ हजार रुपये होतात.

ही अट जुलै २०१२ मध्ये आली, तेव्हा आकडा १८,६०० पौंड होता. मुलांना सोबत न्यायचं असेल तर पहिल्या मुलासाठी ३,८०० आणि पुढच्या प्रत्येकासाठी २,४०० पौंड जादा दाखवावे लागत. जवळजवळ बारा वर्षं हा आकडा तसाच राहिला. ११ एप्रिल २०२४ पासून तो एकदम २९,००० झाला आणि मुलांसाठीची वेगळी रक्कम काढून टाकली. ज्यांनी त्या तारखेआधी अर्ज केला होता, त्यांना त्याच जोडीदारासोबत मुदतवाढ घेताना जुनाच आकडा लागू होतो. त्यामुळे ‘आमच्या भाचीचं १८ हजारांत झालं’ असं कोणी सांगितलं तर ते खोटं नसतं, पण आजच्या अर्जाला त्याचा उपयोग नाही.

पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना ही अट का?

गोव्यात १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढीला पोर्तुगालमध्ये जन्माची नोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येतं. पोर्तुगाल युरोपियन युनियनमध्ये असल्यामुळे त्या पासपोर्टवर हजारो गोंयकार ब्रिटनला गेले. त्या काळात बायको नेण्यासाठी पगाराची अट आड येत नसे. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याच्या ज्या मुली तेव्हा लग्न होऊन गेल्या, त्यांच्या घरच्यांना म्हणूनच ही अट माहीत नाही.

ब्रिटन युनियनमधून बाहेर पडलं आणि जुनी सवलत ३१ डिसेंबर २०२० ला संपली. जे स्वतः त्याआधीपासून तिथे राहत होते, त्यांचा राहण्याचा हक्क टिकला. पण नातं त्या तारखेच्या आधीचं नसेल, तर नव्या बायकोला किंवा नवऱ्याला आणायला सर्वसाधारण नियम लागू होतो, म्हणजे २९,००० पौंडांचा. मोठ्या भावाच्या लग्नात अडचण आली नाही आणि धाकट्याच्या लग्नात आली, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

किमान वेतनात हे बसतं का?

नाही बसत. ब्रिटनमध्ये २१ वर्षांवरच्या कामगाराचं किमान वेतन एप्रिल २०२५ पासून तासाला १२.२१ पौंड झालं. आठवड्याला साडेसदतीस तास काम धरलं तर वर्षाचे होतात सुमारे २३,८०० पौंड. चाळीस तास धरले तरी सुमारे २५,४००. त्या दराने २९,००० गाठायला वर्षभर, एकही आठवडा न चुकवता, दर आठवड्याला जवळपास ४६ तास पगारी काम लागतं.

गोदामात, कारखान्यात, हॉटेलात, वृद्धाश्रमात काम करणारी आपली बरीच मुलं याच पगाराच्या आसपास असतात. मुलगा आळशी नाही, नोकरी पक्की आहे, कर भरतो, गावाकडे पैसेही पाठवतो. तरीही नियमाच्या हिशेबात तो कमी पडतो. मग तो दुसरी नोकरी धरतो किंवा ओव्हरटाइम वाढवतो, आणि नवरी माहेरी वाट बघत राहते.

पगार मोजतात कसा?

एकाच मालकाकडे सहा महिने झाले असतील तर हिशेब सोपा आहे. ठरावीक पगार असेल तर त्या सहा महिन्यांतला सर्वांत कमी दर धरतात. तासावर काम असेल तर सहा महिन्यांच्या एकूण कमाईची सरासरी काढून वर्षाचा आकडा ठरवतात. नोकरी बदलून सहा महिने व्हायचे असतील, तर मागच्या बारा महिन्यांची कमाईही तपासली जाते. दोन नोकऱ्यांचा पगार एकत्र धरता येतो.

पुरावा म्हणून तीन कागद एकमेकांशी जुळावे लागतात : पगाराच्या स्लिपा, तोच पगार जमा झालेलं बँकेचं स्टेटमेंट आणि मालकाचं पत्र. पत्रात नोकरी कधीपासून, कशा प्रकारची, पगार किती आणि तो कधीपासून मिळतो, हे सगळं लागतं. हातात रोख मिळणारा पगार स्लिपेवर आणि बँकेत दिसत नसेल तर तो मिळालाच नाही असं धरलं जातं. स्लिपेवर एक रक्कम आणि बँकेत दुसरी असेल तर फरकाचं कारण द्यावं लागतं. स्टेटमेंट जुनं चालत नाही, अर्जाच्या तारखेआधीच्या २८ दिवसांतलं असावं लागतं.

मुलगा स्वतःचा धंदा करत असेल, टॅक्सी चालवत असेल किंवा दुकान असेल, तर सहा महिन्यांचा हिशेब चालत नाही. तिथलं पूर्ण आर्थिक वर्ष, म्हणजे ६ एप्रिल ते ५ एप्रिल, आणि त्या वर्षाचं कर विवरणपत्र लागतं. कर वाचवायला नफा कमी दाखवला असेल, तर व्हिसासाठीही तो तेवढाच धरला जातो.

मुलगी इकडे शिक्षिका असो, नर्स असो की बँकेत असो, तिचा भारतातला पगार या हिशेबात येत नाही. ब्रिटनला पोचल्यावर मात्र तिला नोकरी करता येते, आणि पहिला व्हिसा संपताना मुदतवाढीच्या अर्जात तिची तिथली कमाई नवऱ्याच्या कमाईत मिळवता येते. म्हणजे खरी अडचण पहिल्या अर्जाची आहे.

गावचा पैसा कधी चालतो?

पगार कमी पडला तर शिल्लक रक्कम दाखवून भरपाई करता येते. जितके पौंड कमी पडतात, त्याची अडीच पट करायची आणि त्यात १६,००० मिळवायचे. मुलाचा पगार २५,००० असेल तर ४,००० कमी पडले. त्याचे अडीच पट १०,०००, अधिक १६,०००, म्हणजे २६,००० पौंड शिल्लक दाखवावी लागते. आपल्या पैशात सुमारे ३० लाख. पगार काहीच नसेल तर हा आकडा ८८,५०० पौंड, म्हणजे कोटीच्या वर जातो. मुलगा स्वतःच्या धंद्याचा नफा दाखवणार असेल, तर त्याला शिल्लकेची जोड देता येत नाही.

ही शिल्लक भारतातल्या बँकेत असली तरी चालते, पण अटी कडक आहेत. पैसा नवऱ्याच्या, बायकोच्या किंवा दोघांच्या नावावर हवा. वडिलांच्या खात्यात असून उपयोग नाही. तो सलग सहा महिने खात्यात असला पाहिजे आणि कुठून आला हे सांगता आलं पाहिजे. वडिलांनी मुलीला भेट दिली तर चालते, पण पैसे तिच्या खात्यावर येऊन सहा महिने झालेले हवेत. उसने किंवा कर्जाने घेतलेले पैसे चालत नाहीत. अर्जाच्या आदल्या महिन्यात पाच नातेवाइकांनी पाच-पाच लाख टाकून खातं फुगवलं, तर स्टेटमेंटमध्ये ते लगेच दिसतं.

फिक्स डिपॉझिट चालतं, पण ते हवं तेव्हा मोडता आलं पाहिजे, मग व्याज कमी मिळालं तरी हरकत नाही. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचं नाही तर सहकार खात्याचं नियंत्रण असतं, म्हणून रक्कम पतसंस्थेपेक्षा रीतसर बँकेत असलेली बरी. सोनं तिजोरीत आहे तोवर त्याची किंमत शून्य धरली जाते. जमिनीचंही तसंच. सातबाऱ्यावर मुलीचं नाव असून ती जमीन विकली, तर खरेदीखतासह ते पैसे शिल्लक म्हणून दाखवता येतात. घर किंवा गाळा तिच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर असून भाड्याने दिलेला असेल, तर ते भाडं उत्पन्नात धरता येतं. फक्त मालकीचा कागद, भाडेकरार आणि बँकेत जमा होणारी रक्कम जुळली पाहिजे.

इथे एक गोष्ट घरच्यांनी शांतपणे तपासायला हवी. मुलाचा पगार वर्षभरात २९,००० च्या वर जाण्यासारखा असेल, तर व्हिसासाठी बाग विकण्यापेक्षा थांबणं स्वस्त पडतं. विकलेली बाग परत मिळत नाही, पगाराच्या सहा स्लिपा मात्र सहा महिन्यांत मिळतात.

आकडा पुढे काय होणार?

आधीच्या ब्रिटिश सरकारने हा आकडा टप्प्याटप्प्याने ३८,७०० पौंडांपर्यंत न्यायचं ठरवलं होतं. जुलै २०२४ मध्ये सरकार बदललं, वाढ थांबवण्यात आली आणि विषय स्थलांतर सल्लागार समितीकडे गेला. समितीचा अहवाल जून २०२५ मध्ये आला. तिने एकच आकडा न सांगता पर्याय ठेवले : एका विचाराने २३ ते २५ हजार, दुसऱ्या विचाराने २४ ते २८ हजार पौंड. ३८,७०० हा आकडा तेव्हा कुशल कामगारांच्या व्हिसाचा होता, कुटुंबाला तो लावू नये, असंही तिने म्हटलं.

अट ठेवणाऱ्यांचं म्हणणं असं की, बाहेरून येणारा जोडीदार तिथल्या करदात्यांवर भार होऊ नये. विरोध करणारे विचारतात, की कायद्यानेच ठरवलेल्या किमान वेतनावर पूर्णवेळ राबणाऱ्याला बायकोसोबत राहता येत नसेल, तर हा नियम कोणासाठी? तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये किमान उत्पन्नाची अट कायदेशीर ठरवली, पण मुलांचं हित आणि उत्पन्नाचे इतर भरवशाचे मार्ग यांचा पुरेसा विचार नियमात नाही, असंही सांगितलं. त्यानंतर अपवादात्मक परिस्थितीत इतर मार्ग बघण्याची तरतूद आली. मात्र अपवाद सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. ब्रिटनमधला जोडीदार अपंगत्वाचा किंवा देखभालीचा ठरावीक सरकारी भत्ता घेत असेल, तर त्याला २९,००० ऐवजी वेगळा, सौम्य निकष लागतो.

समितीचा अहवाल म्हणजे नियम नव्हे. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर नवा आकडा दिसत नाही, तोवर २९,००० धरूनच चालावं. ‘आता कमी झालंय, अर्ज टाकून देऊ’ असं सांगणाऱ्या एजंटाचं ऐकून केलेला अर्ज महागात पडतो. एप्रिल २०२५ च्या दराने भारतातून अर्ज करण्याची फी १,९३८ पौंड आणि आरोग्य अधिभार ३,१०५ पौंड, मिळून सुमारे ५ लाख ८० हजार रुपये. अर्ज फेटाळला तर अधिभार परत मिळतो, फी मिळत नाही. खोट्या स्लिपा जोडल्याचं उघड झालं, तर तो डाग पुढच्या प्रत्येक अर्जावर राहतो. ब्रिटनमध्ये पैसे घेऊन व्हिसाचा सल्ला देणारा वकील नसेल, तर त्याची इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंद लागते. ती नोंद आधी विचारून घ्यावी.

सोयरीक करतानाच विचारा

लग्न ठरवताना आपण घर बघतो, माणसं बघतो, देणंघेणं बोलतो. पगाराचा कागद मागायला मात्र लाजतो, पाहुण्यांना वाईट वाटेल म्हणून. पण हा कागद व्हिसा अधिकारी मागणारच आहे. तो आधी मुलीच्या घरच्यांनी बघितला तर त्यात अपमान कसला?

पत्रिका छापायच्या आधी मुलाकडून तीन गोष्टी समजून घ्याव्यात. त्याचा तिथे राहण्याचा हक्क कोणता, म्हणजे ब्रिटिश नागरिकत्व, कायम वास्तव्य की तात्पुरता दर्जा. गेल्या सहा महिन्यांच्या स्लिपांवर कर कापण्याआधीचा पगार किती. आणि तो कमी पडत असेल तर फरक कसा आणि कधी भरून निघणार. उत्तरं समाधानकारक असतील तर हॉल ठरवावा. नसतील तर लग्नाची तारीख सहा महिने पुढे ढकलण्याचा विचार दोन्ही घरांनी मिळून करावा. लग्नानंतर माहेरी किती दिवस थांबावं लागेल, हे मुलीला लग्नाच्या आधीच माहीत असायला हवं.