वाहिले कोणी, वाहिले गेले कोण?

भाषांतराच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना 'ऑब्लेशन' हा इंग्रजी शब्द दिला. 'आहुती' हे उत्तर तत्काळ आले. एकाने वाक्यात उपयोगही केला : 'मुळशीच्या शेतकऱ्यांनी मुंबईच्या विजेसाठी आपल्या जमिनींची आहुती दिली.' आम्ही शाबासकी देऊन ते वाक्य फळ्यावर लिहिले. ती शाबासकी आम्ही येथे परत घेत आहोत.

'ऑब्लेशन' म्हणजे विधिपूर्वक केलेले अर्पण. ख्रिस्ती उपासनेत वेदीवर ठेवलेली भाकर व द्राक्षारस. 'ऑफर' आणि 'ऑब्लेशन' हे शब्द दिसायला निराळे, पण मूळ एकच : लॅटिनमधील 'ऑफेर्रे', म्हणजे समोर वाहून नेणे. 'ऑब्लातुस' हे त्याचेच कर्मणी धातुसाधित. मराठी माणसाला ही अर्थच्छटा समजावून सांगण्याची गरज नाही. तो ओझे वाहतो आणि देवाला फूलही वाहतो. आहुती अग्नीत टाकायची असते. 'ऑब्लेशन'चा खरा सोयरा आहे तो आपला 'वाहणे'.

परंतु या शब्दकुळाला एक काळी बाजूही आहे. मध्ययुगीन युरोपात आईबाप आपले मूल मठाला वाहत. अशा मुलाला 'ऑब्लेट' म्हणत. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीत या विधीसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. एवढे दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, जेजुरीच्या खंडोबाला मुली 'मुरळी' म्हणून वाहिल्या जात. पुण्य वाहणाऱ्याचे, आयुष्य वाहिले जाणाऱ्याचे.

मुळशीत काय घडले? निळा-मुळा संगमाजवळ टाटा कंपनीचे धरण बांधण्याविरुद्ध 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे नेते. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. मावळ्यांनी, त्यांच्या बायकांनीही, तुरुंगवास पत्करला. सरकारच्या हाती 1894चा भूसंपादन कायदा होता. त्याला मालकाच्या संमतीची गरजच नव्हती. अनेक जमिनींवर हक्क सांगणारे पुण्यातले सावकार मोबदल्यावर राजी होते. कसणारा 'नाही' म्हणत होता आणि त्याच्या वतीने दुसरेच वाहून मोकळे होत होते. हा 'ऑब्लेट'चाच न्याय.

कोणी म्हणेल, आहुती हा गौरवाचा शब्द आहे. त्यावर एवढा कीस कशाला? आमचा आक्षेप त्या गौरवावरच आहे. 'दिली' या एका क्रियापदाने तीन वर्षांचा नकार पुसला जातो आणि हिरावून घेणारा वाक्यातून अदृश्य होतो. यज्ञात यजमान कोण आणि पशू कोण, एवढे तरी मराठीच्या प्राध्यापकाला ओळखता यावे. मुळशीकरांनी खरोखर काही वाहिले असेल तर ते स्वतःचे स्वातंत्र्य. आणि तेही जमीन द्यावी लागू नये म्हणून.

मुंबईसाठी, पुण्यासाठी, राष्ट्रासाठी अमुक गावांनी 'त्याग केला' अशी वाक्ये पाठ्यपुस्तकांपासून भाषणांपर्यंत सर्रास आढळतात. त्यांतील कर्ता तपासणे हे व्याकरणाचेच काम आहे, आणि व्याकरण शिकवण्याचा पगार आम्ही घेतो. म्हणून पुढच्या तासाला फळ्यावर दुरुस्त वाक्य लिहिले : 'मुळशीच्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या नाहीत, त्या घेतल्या गेल्या.'