खेळाडूचे नाव, गायिकेचे नाव

एका महाविद्यालयीन चर्चासत्रात मागे कोणीतरी प्रश्न विचारला : 'क्रिकेट ०७' या व्हिडिओ गेमकडे संहिता म्हणून पाहता येईल काय? सभागृहात हशा पिकला. अध्यक्षांनी 'वेळेअभावी' तो प्रश्न बाजूला ठेवला आणि आम्ही सर्व चहापानाकडे वळलो. हसणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आधीच कबूल करतो. कारण प्रस्तुत लेख त्या हशाविरुद्ध आहे आणि त्यातील निम्मा राग आमचा आमच्यावरच आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही अशा प्राध्यापक मंडळींसाठी थोडी माहिती. 'क्रिकेट ०७' नोव्हेंबर २००६ मध्ये ईए स्पोर्ट्स या अमेरिकन कंपनीने बाजारात आणला. तो घडवला एचबी स्टुडिओज या कॅनडातील संस्थेने, म्हणजे जेथे हिवाळ्यात मैदानावर बर्फ असतो अशा देशाने. समालोचनाला रिची बेनॉ आणि मार्क निकोलस यांचे आवाज. ईएच्या क्रिकेट-मालिकेतील ही शेवटची आवृत्ती. पुढची कधी आलीच नाही. आणि तरीही भारतातील हौशी मंडळींनी पुढची कितीतरी वर्षे नवे संघ, नवे पोशाख, नवी मैदाने स्वतः तयार करून हा खेळ जिवंत ठेवला. २००८ साली आयपीएल सुरू झाली, तेव्हा तिचे संघही या जुन्या खेळात घुसवले गेले ते अशाच हातांनी.

आम्ही हा खेळ पाहिला आणि खेळला तो कडेगावात. २००७-०८ चे दिवस. एसटी स्टँडपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर पत्र्याच्या छपराखाली चार संगणकांचे नेट कॅफे होते. त्या काळी ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन बारा-बारा तासांवर गेलेले. त्यामुळे खेळण्याचे वेळापत्रक आमच्या इच्छेने ठरत नसे, विजेच्या पाळीने ठरे. सप्टेंबर २००७ मध्ये जोहान्सबर्गला भारताने ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला, त्यानंतर काही आठवडे तर तेथे रांगा लागत. उसाच्या फडावरून थेट आलेली मुले, हाताला अजून पाचटाचे ओरखडे, आणि समोर पडद्यावर लॉर्ड्सचे हिरवेगार मैदान. (चकती अर्थातच नकली होती. या बाबतीत आम्ही कोणालाही शिकवण्याच्या अवस्थेत नाही.)

या आठवणी सांगून गहिवरणे हा हल्ली एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच झाला आहे. 'ते दिवस किती साधे होते' या वाक्याने सुरू होणारे आणि त्याच वाक्याने संपणारे लेख पुष्कळ. आमचा आक्षेप येथेच सुरू होतो. ते दिवस साधे नव्हते. तो खेळही साधा नव्हता. पडद्यावर फलंदाजीला येणाऱ्या खेळाडूचे नाव वाचले की ते लगेच कळत असे.

कंपनीकडे परवाना होता तो मुख्यतः इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या दोन संघांचा. अ‍ॅशेसची मालिका हे त्या आवृत्तीचे आकर्षणच होते. या दोन संघांतील खेळाडूंना त्यांची खरी नावे लाभली. भारतासह इतरांना लाभली ती मोडतोड केलेली नावे : ओळखू येतील इतकी जवळची, पण कायद्याने कोणाचीच नसलेली. जगात ज्या देशात क्रिकेट सर्वाधिक पाहिले जाते, त्या देशाचा संघ या खेळात टोपणनावांनी वावरत होता. इंग्लंडमधील कौंटी संघ तेथे होते. रणजी करंडकाला जागा नव्हती. महाराष्ट्राचा संघ, बडोद्याचा संघ, ज्यांच्या धावफलकावर आमचे आजोबा रेडिओला कान लावून बसत, ते त्या जगात जन्मालाच आले नव्हते.

यावर कडेगावच्या त्या मुलांनी काय केले? त्यांनी तक्रार केली नाही. एका दुपारी, गर्दी व्हायला थोडा अवकाश होता तेव्हा, एका मुलाने खेळाडूंची नावे बदलण्याची सोय शोधून काढली. प्रथम भारतीय संघाची नावे दुरुस्त झाली. मग त्याने परदेशी संघ पुसला आणि त्या जागी गावातल्या टेनिस-चेंडूच्या संघातील अकरा जण बसवले. रोमन लिपीत, कारण दुसरी लिपी त्या खेळाला ठाऊक नव्हती. 'ळ' आणि 'ण' यांचे तेथे जे व्हायचे ते झाले. बेनॉसाहेबांना ती नावे उच्चारता येत नसत. ते 'फलंदाज' म्हणून वेळ मारून नेत. पण पडद्याच्या खालच्या पट्टीवर ती नावे उमटत, आणि ज्याचे नाव उमटे तो मुलगा मागे उभा राहून आपणच धावबाद झालेला पाहत असे.

आम्ही त्या वेळी बी.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकत होतो. भ्रष्ट पाठ कसा ओळखावा, लेखनिकाच्या चुका कशा शोधाव्यात, मूळ वाचन कसे पुनःस्थापित करावे, यावर आम्हांस पानेच्या पाने लिहून दिली जात. आमच्या शेजारच्या बाकावर बसणारा मुलगा संध्याकाळी नेमके तेच काम करत होता आणि आमच्यापैकी कोणालाही हे दिसले नाही. भ्रष्ट पाठ जाणीवपूर्वक छापला गेला होता, एवढाच फरक.

आता जरा दूर जाऊ. याच कंपनीचा अमेरिकेत 'एनसीएए फुटबॉल' नावाचा खेळ होता. अमेरिकन फुटबॉल, म्हणजे पायापेक्षा हाताने अधिक खेळला जाणारा तो प्रकार. आणि त्यातही विद्यापीठीय संघांचा. आपल्याकडे महाविद्यालयीन क्रीडा म्हणजे वार्षिक अंकातील एक धूसर छायाचित्र. फार तर, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला निघतात आणि त्यांच्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे करतात, ही कथा. अमेरिकेत तो अब्जावधींचा व्यवसाय आहे. पण तेथील खेळाडू 'हौशी' विद्यार्थी मानला जाई, म्हणून त्याला मोबदला देणे निषिद्ध होते. मग खेळ विकायचा कसा? उपाय सोपा निघाला : नाव काढून टाकायचे. पाठीवरचा क्रमांक तोच, उंची-वजन तेच, वर्ण तोच, राज्य तेच. नाव तेवढे नाही. घरी नेल्यावर ग्राहक स्वतःच नावे भरून घेत. हौशी मंडळी संपूर्ण याद्या तयार करून एकमेकांस पुरवत. कडेगाव आणि अमेरिका यांच्यात हे एक साम्य निघावे, याची आम्हांस गंमत वाटते.

२००९ साली सॅम केलर या माजी खेळाडूने आणि त्याच वर्षी एड ओबॅनन या माजी बास्केटबॉलपटूने न्यायालयाची पायरी चढली. ओबॅननला एका मित्राच्या घरी पडद्यावर स्वतःच दिसला होता : तोच ३१ क्रमांक, तोच डावरा हात. कंपनीचा बचाव असा की हा खेळ कलाकृती आहे आणि कलावंताला अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य असते. जुलै २०१३ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने हा बचाव फेटाळला. त्याचे कारण साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावे असे आहे. न्यायालयाने विचारले : तुम्ही या माणसाचे रूपांतर केले आहे काय? त्यातून नवे काही घडवले आहे काय? की तो ज्यासाठी ओळखला जातो तेच, त्याच मैदानावर, त्याच्याकडून जसेच्या तसे करवून घेतले आहे? म्हणजे कंपनीचा अपराध तिच्या वास्तववादातच होता. अनुकृती जितकी हुबेहूब, तितकी चोरी उघड. ज्या प्रश्नावर आपण अनुकृतिसिद्धान्ताच्या नोट्स घोकतो, तो प्रश्न तेथे पैशांच्या हिशेबात सुटत होता. कंपनी आणि तिची परवाना देणारी भागीदार यांनी चार कोटी डॉलर्स देऊन तडजोड केली. २०१३ च्या जुलैत आलेल्या 'एनसीएए फुटबॉल १४' नंतर ती मालिका थांबली. ती परतली अकरा वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये. या वेळी खेळाडूंना लेखी विचारले गेले, आणि होकार देणाऱ्यास सहाशे डॉलर्स व खेळाची एक प्रत मिळाली. सहाशे डॉलर्स हा मोबदला थट्टेसारखा आहे, असे आमचे मत. पण विचारले गेले, ही गोष्ट थट्टेची नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. भारतीय संघातील कोट्यधीश तारे आणि अमेरिकेतील बिनपगारी विद्यार्थी यांना एका तागडीत कसे तोलता? 'क्रिकेट ०७'मध्ये नाव मोडले म्हणून कोणत्या फलंदाजाची चूल विझली? विझली नाही. शिवाय भारतात कायद्याचा कल निराळा दिसतो : २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खेळाडूंच्या डिजिटल पत्त्यांच्या एका वादात असे मानले की त्यांची नावे आणि आकडेवारी ही सार्वजनिक माहिती आहे आणि तिच्या वापराला अशी मनाई करता येत नाही. आम्ही हे नाकारत नाही. आमचे म्हणणे इतकेच की नुकसान खेळाडूचे नसेल, तर ते वाचकाचे आहे. कोणाचे नाव शुद्ध लिहायचे आणि कोणाचे 'चालून जाईल' असे लिहायचे, याची एक उतरंड असते. ती सोळा वर्षांच्या मुलाला कोणीही व्याख्यान न देता शिकवली जाते. त्या उतरंडीचा अभ्यास करणे हेच आपले काम आहे, असे आपण उत्तर-वसाहतवादाच्या तासाला म्हणतो आणि तास संपल्यावर विसरतो.

आमच्या भागात याच्या उलट शिकवणारी एक शाळा होती व आहे. यात्रेतले कुस्त्यांचे मैदान. तेथे हलगी कडाडते आणि निवेदक नाव पुकारतो; नुसते नाव नव्हे, गाव, तालीम, वस्ताद, कधी बापाचेही नाव. शेवटच्या पन्नास-शंभर रुपयांच्या जोडीतील पोराचेही. नाव पुकारल्याशिवाय हात मिळवले जात नाहीत. कडेगावच्या मोहरमचे उंच ताबूतही ज्या घराण्यांचे वा समाजांचे, त्यांच्याच नावांनी ओळखले जातात. भेटीच्या दिवशी कोणाचा ताबूत कोणाला भेटला हे लोक नावानिशी सांगतात. नाममुद्रेचे महत्त्व ज्या मातीला संतांच्या अभंगांपासून आणि शाहिरांच्या पोवाड्यांपासून ठाऊक, तिच्या विद्यापीठीय समीक्षेला ते ठाऊक नसावे, हे नवल.

ठाऊक नाही, असे आम्ही म्हणतो ते पुराव्यानिशी, आणि पुरावा आमच्याच विरुद्धचा आहे. त्याच वर्षी, म्हणजे संध्याकाळी नेट कॅफेत बसत होतो त्याच वर्षी, लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी आम्ही तिघांनी एका वस्तीवर जाऊन जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या. सांगणारी एकच वृद्धा. तिने दोन दुपारी आम्हांला बसवून घेतले, चहा दिला, विसरलेली ओळ आठवावी म्हणून रिकामे जाते फिरवून पाहिले. प्रकल्प जमा झाला, गुण उत्तम मिळाले. मुखपृष्ठावर 'संकलन' या शब्दापुढे आमची तीन नावे होती, मार्गदर्शकांचे होते, महाविद्यालयाचे होते. तिचे नव्हते. आम्हांला कोणी तसे सांगितले नव्हते आणि आम्हांला तसे सुचलेही नाही. 'लोकसाहित्य अनाम असते', हे वाक्य आम्ही पहिल्याच पानावर लिहिले होते.

लोकसाहित्य अनाम असते की अनाम केले जाते? गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि त्या गाणाऱ्या तीन हजारांहून अधिक बायांची नोंद नाव-गावासह ठेवली. ते संकलन आज 'पारी'च्या संग्रहात कोणालाही पाहता येते. म्हणजे हे करणे शक्य होते. शक्य असताना ज्यांनी केले नाही, त्यांनी परदेशी कंपनीकडे बोट दाखवू नये. कंपनीने क्रमांक ठेवला आणि नाव काढले. आम्ही ओवी ठेवली आणि नाव काढले. कंपनीने त्यावर डॉलर कमावले, आम्ही गुण आणि पुढे पदव्या. तिला निदान न्यायालयात खेचणारा ओबॅनन भेटला.

'व्हिडिओ गेमवर कसली समीक्षा' असे म्हणून हसणाऱ्या सहकाऱ्यांना आमचे सांगणे आहे की तो हशा उच्च अभिरुचीचा नव्हे. तो अंगवळणी पडलेल्या दुर्लक्षाचा आहे. ज्या कॅफेतल्या मुलाने आपल्या अकरा सवंगड्यांची नावे एकेक अक्षर शोधत टंकित केली, त्याला संपादनाचे जे मर्म कळले होते ते आमच्या मार्गदर्शकांना कळले नव्हते. तो मुलगा पुढे शिकला नाही. त्याच्या याद्या असलेला संगणक कॅफे बंद झाल्यावर भंगारात गेला.

प्रकल्पाची वही मात्र आमच्याकडे आहे. त्रेचाळीस ओव्या. मागील दिवाळीत ती घेऊन आम्ही पुन्हा त्या वस्तीवर गेलो. वृद्धा हयात नाही. नातवाने वही चाळली, दोन ओव्या त्याला येत होत्या. नाव विचारले तेव्हा तो थांबला : माहेरचे एक, लग्नात बदललेले दुसरे, आजी ओव्यांत मात्र माहेरचेच घालायची, असे त्याची आई आतून म्हणाली. छापायचे तर कोणते छापावे, आणि मुळात छापावे का, हे घरच्यांनी अजून ठरवलेले नाही. तोवर येथे आम्ही ते लिहीत नाही. वहीच्या मुखपृष्ठावर, आमच्या तीन नावांच्या वर, दोन्ही नावे पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत.