संगणकाचा अंदाज किती मानायचा?

नांदगाव खंडेश्वरचा शेतकरी पावसाचा अंदाज ऐकून बियाणे आणून ठेवतो, पण पेरणी जमिनीची ओल बघूनच करतो. साथीच्या आजाराचे संगणकी अंदाजही आपण असेच वापरायला हवेत.

एक रुग्ण किती जणांना आजार देतो, लोक एकमेकांना किती भेटतात, असे आकडे संगणकात भरून साथ पुढे कशी जाईल ते पाहतात. याचा फायदा मोठा आहे. माणसांवर जो प्रयोग करता येत नाही, तो संगणकावर करता येतो. खाटा आणि ऑक्सिजन यांची तयारी आधीच करता येते.

मग धोका कोणता? ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने सांगितले होते की, सर्वांनी काळजी घेतली तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत कोरोनाची साथ ओसरेल. आपण ‘फेब्रुवारी’ तेवढे लक्षात ठेवले, ‘काळजी घेतली तर’ विसरलो. त्याच फेब्रुवारीत अमरावतीत रुग्ण झपाट्याने वाढले आणि २२ तारखेपासून पुन्हा लॉकडाऊन लागला. मे महिन्यात देशात एकाच दिवसात चार लाखांहून जास्त रुग्ण नोंदवले गेले. विषाणूचे नवे रूप त्या गणितात धरलेलेच नव्हते.

माझे मत स्पष्ट आहे. अंदाज तयारीसाठी वापरा, बेफिकीर होण्यासाठी नको. पुढच्या वेळी असा आकडा ऐकलात तर आधी विचारा, ‘कोणत्या अटीवर?’ आणि ताप-खोकला असेल तर आलेख बघत बसू नका, तपासून घ्या.