आधी प्रश्न तर नीट मांडूया

आपल्याकडे एखादी अडचण आली की आपण थेट उपायाकडे धावतो. मोहल्ल्याची मीटिंग असो, ट्रस्टची बैठक असो किंवा घरातली चर्चा असो, पहिल्या पाच मिनिटांत चार उपाय पुढे येतात आणि पुढचा तासभर त्या उपायांवर भांडण चालते. मुळात प्रश्न काय आहे, हे कोणी विचारतच नाही. नीट विचार करणे हे हुशार लोकांचे काम आहे, असा आपला समज आहे. खरे तर ती सायकल चालवण्यासारखी सवयीची गोष्ट आहे, शिकली की येते.

उल्हासनगर कॅम्प ५ चेच उदाहरण घ्या. इथल्या जीन्सचा बाजार देशभर माहीत आहे. शिवलेली पँट धुवून, तिला ब्लीच मारून, रंग उडवून मग ती दुकानात जाते. हे काम करणारे शेकडो वॉशिंग कारखाने कॅम्प ४ आणि ५ च्या गल्ल्यांत होते. त्यांचे निळे पाणी नाल्यात आणि नाल्यातून वालधुनी नदीत जायचे. ज्या नदीच्या काठी अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर उभे आहे, तीच ही नदी. वनशक्ती ही संस्था प्रदूषणाचा प्रश्न घेऊन राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि २०१७-१८ च्या सुमारास हे कारखाने बंद करण्यात आले.

कारवाई चुकीची होती, असे मी म्हणणार नाही. विषारी पाणी थांबायलाच हवे होते. पण तेव्हा शहरात जी चर्चा झाली ती आठवून पाहा. एक बाजू म्हणत होती, कारखानेवाले नदी मारतात, त्यांना हाकला. दुसरी म्हणत होती, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका. दोन्ही बाजू उत्तर घेऊनच आल्या होत्या. ‘वालधुनीत घाण नेमकी कुठून येते आणि कोणती किती येते?’ हा प्रश्न मधल्या मध्ये हरवला.

हा प्रश्न विचारला की चित्र बदलते. वालधुनीत जीन्सचे पाणी होते, तसे अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यांचेही होते. घराघरांतले मैलापाणी होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये कोणीतरी टँकरमधून नदीत रसायन ओतले आणि शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासाने रुग्णालय गाठावे लागले. म्हणजे रोग एक नव्हता, चार होते, आणि प्रत्येकाचे औषध वेगळे. मैलापाण्याला प्रक्रिया केंद्र लागते, टँकरला रात्रीचा पहारा लागतो, लहान कारखान्यांना जागा आणि सामायिक प्रक्रिया केंद्र लागते. दहा बाय पंधराच्या गाळ्यातला माणूस स्वतःचे केंद्र उभारू शकत नाही.

दुसरा प्रश्न असतो, ‘मग पुढे काय होईल?’ तोही कोणी विचारला नाही. कॅम्प ५ मधल्या मशीन बंद झाल्या, पण जीन्सची मागणी थोडीच बंद झाली? अनेक कारखाने अंबरनाथ आणि आसपासच्या गावांकडे सरकले. आता वालधुनी वाहते कुठून कुठे? अंबरनाथकडून उल्हासनगरकडे. वरच्या अंगाला गेलेली घाण खालीच येणार. इथल्या मजुराचा रोजगार गेला, तिथल्या गावाचा ओढा खराब झाला आणि नदीची सुटका झालीच नाही.

जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ साली प्रश्न सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: प्रश्न समजून घ्या, योजना करा, ती अमलात आणा आणि शेवटी मागे वळून तपासा. आपण पहिली आणि चौथी पायरी गाळतो. हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या इब्न अल-हैसमने टॉलेमीसारख्या थोर विद्वानाच्या चुका दाखवणारा ग्रंथ लिहिला. मोठ्या माणसाचे म्हणणेही तपासून घ्यावे, आणि तपासताना स्वतःच्या मताकडेही संशयाने पाहावे, अशी त्याची शिकवण होती. त्याचे नाव आपण जलशात अभिमानाने घेतो, पण मीटिंगमध्ये कोणी सदरसाहेबांना साधा हिशोब विचारला तर त्याला खाली बसवतो.

हीच गोष्ट घरातही लागू पडते. मुलगा दहावीत गणितात नापास झाला की ‘त्याचे डोके चालत नाही’ असे म्हणून त्याला गॅरेजवर पाठवणारे आईबाप आपल्यात आहेत. पेपर हातात घेऊन कोणती गणिते चुकली ते पाहिले, तर कदाचित कळेल की सातवीतले अपूर्णांकच कच्चे आहेत. ‘डोके चालत नाही’ याला इलाज नाही. अपूर्णांक कच्चे असतील तर दोन महिन्यांची शिकवणी पुरते.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. पुढच्या मीटिंगमध्ये उपाय सुचवण्याआधी प्रश्न एका वाक्यात फळ्यावर लिहा. त्याचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यापुढे आपल्याला काय माहीत आहे आणि काय नुसते ऐकलेले आहे, ते लिहा. उपाय ठरला की त्याने कोणाचे नुकसान होईल, हे त्याच माणसाला बोलावून विचारा. आणि सहा महिन्यांनी तोच फळा पुन्हा काढा. जीन्सच्या वेळी नदीकाठचा रहिवासी, वॉशिंगवाला आणि मजूर एका फळ्यासमोर बसले असते, तर कदाचित नदीही वाचली असती आणि रोजीही.