दोन अंकांचें गणित व आमचें कर्तव्य

गेल्या वर्षीं आम्हीं वर्गांतील एका विद्यार्थ्यास तेरा ही संख्या द्विमान पद्धतीनें लिहावयास सांगितली. दोनांनीं भाग देत व बाक्या उलट क्रमानें मांडीत त्यानें क्षणार्धांत ११०१ असें लिहिलें. उत्तर बिनचूक होतें. परंतु "यांतील डावीकडच्या पहिल्या एकाची किंमत किती?" असें विचारतांच तो गप्प झाला. दोष त्याचा नव्हता. आम्हीं रीति शिकविली, अर्थ शिकविला नाहीं. दोष आमचा होता.

वस्तुतः हा विषय कठीण नाहीं. १ एप्रिल १९५७ पूर्वीं रुपयाचे सोळा आणे होत, व आणा, दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली आणि आठ आण्यांची अधेली अशीं नाणीं चालत. तेरा आणे द्यावयाचे असल्यास अधेली एक, पावली एक, चवली नाहीं, आणा एक. 'आहे' तेथें १ व 'नाहीं' तेथें ० मांडा, ११०१ झाले! प्रत्येक नाणें फार तर एकदां घेऊन एकापासून पंधरा आण्यांपर्यंत कोणतीहि रक्कम देतां येते, आणि तीहि एकाच रीतीनें. दशमान पद्धतींत डावीकडे जातांना स्थानाची किंमत दसपट होते, येथें दुप्पट होते. एवढाच काय तो भेद.

संगणकानें हीच पद्धति पत्करिली, कारण विजेचा दाब अधिक कीं कमी एवढेंच ओळखणें यंत्रास सोपें असतें. दहा पायऱ्या ओळखावयास लाविल्यास चुकीचा संभव वाढतो. तथापि ही कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. जर्मन तत्त्ववेत्ता लायब्निट्स यानें तिजवरील निबंध १७०३ सालीं पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे पाठविला. तत्पूर्वीं १६९७ सालच्या एका पत्रांत त्यानें १ हें ईश्वराचें व ० हें शून्यत्वाचें प्रतीक मानिलें होतें. शून्यांतून सृष्टि निर्माण झाली या आपल्या श्रद्धेची छाया त्यास या दोन अंकांत दिसली.

"यंत्र सर्व करितें, मग मुलांनीं हें कशास शिकावें?" असें कित्येक पालक विचारितात. आमचें मत असें कीं, यंत्र चालवितां येणें म्हणजे तें समजणें नव्हे. शिवाय दुसरें मान पाहिल्यावांचून आपल्या नित्याच्या दशमानाचेंहि मर्म कळत नाहीं. तें केवळ पाठ होतें. गुण रीतीनें मिळतात, बुद्धि मात्र अर्थानेंच वाढते.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे. घरांत वृद्ध आजी-आजोबा असतील तर त्यांस आणे, चवली, पावली यांचा हिशेब मुलांना सांगूं द्यावा. शाळेंत आम्हीं जें राहूं दिलें, तें पुरें करण्यास आम्हीहि यापुढें चुकणार नाहीं.