आधी श्वास, मग बाकी सारे

भोसरी, मोशी, चाकणच्या वस्त्यांत कुणी 'औषध प्यायले' अशी बोंब झाली की पहिली धाव जाते ती स्वयंपाकघराकडे. कुणी मिठाचे पाणी आणते, कुणी दूध, कुणी घशात बोटे घालून उलटी काढायला बसते. हे सारे मायेपोटीच. पण वाचक बंधू-भगिनींना आम्ही कळकळीने सांगतो की, अशा रोग्याचा पुष्कळदा वाटेतच श्वास कोंडतो आणि आपली ही घाईच त्याला निमित्त होऊ शकते.

बेशुद्ध माणसाची जीभ सैल पडून घशाकडे सरकते. त्याला गिळता येत नाही, खोकता येत नाही. उताणा ठेवला तर उलटी सरळ श्वासनळीत उतरते. रॉकेल किंवा थिनर उलटीबरोबर फुप्फुसात गेले की जिवावर बेतते. अॅसिड वर येताना अन्ननळी पुन्हा जाळते. फवारणीच्या काही औषधांनी तोंडाला फेस येतो, छातीत घरघर लागते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थकतात. त्यासाठी औषध प्यावेच लागते असेही नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

म्हणून रोग्याला आधी डाव्या कुशीवर वळवा. वरचा गुडघा दुमडा, हनुवटी किंचित वर करा, तोंड खाली कलते ठेवा म्हणजे फेस आणि उलटी बाहेर गळेल. दिसेल तेवढी घाण फडक्याने पुसा. आत बोटे खुपसू नका. कपड्यांवर औषध सांडले असेल तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून ते उतरवा, अंग साबणाने धुवा. तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका, ओठांवरचे विष तुम्हालाही बाधेल. श्वास थांबलाच तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहा. देवऋषी-भगताचा नाद आपण १९५६ सालीच सोडला. आता हे मिठाचे पाणीही सोडू या.

१०८ ला फोन करताना 'बेशुद्ध आहे, श्वास घरघरतो' हे पहिल्या वाक्यात सांगा. २०१४ पासून ही सेवा महाराष्ट्रात आहे. गाडीत प्राणवायू असतो. गाडीला वेळ लागणार असेल तर रिक्षा किंवा टेम्पो करा, पण मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये रोग्याला कोंबू नका. मान छातीवर पडली की श्वास तिथेच अडतो. चाकणच्या तळेगाव चौकातली वाहनांची रांग सर्वांच्या ओळखीची आहे. तेवढ्या वेळात कुशीवर धरणारा एक माणूस मागे बसलाच पाहिजे, मग जायचे चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात असो की पिंपरीच्या वायसीएममध्ये.

पोलीस केसच्या भीतीने घरचे लोक गोष्ट दडवतात, तास वाया जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे की उपचार आधी, कागद नंतर. दवाखान्यात कुणी अडवले तर हे ठणकावून सांगा.

डबा किंवा बाटली बरोबर न्या. आपल्याकडची पंचाईत अशी की कंपनीतून आणलेले थिनर कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून मोरीत ठेवलेले असते. त्यावर नाव नसते आणि लहान मूल ते सरबत समजून तोंडाला लावते. अशी बाटली घरात असेल तर आज संध्याकाळीच तिच्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी उंच ठेवा.